शंभर टक्के वजा चोवीस

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आता तिला दहावी म्हणतात. पण आमच्या घरात वडिलांच्या तोंडी तोच जुना शब्द होता आणि तो मलाही चिकटला. त्या परीक्षेत गणिताने मला काठावर सोडले. पुढे चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा करून मी बीडकडच्या एका खेड्यातील शाळेत चित्रकला शिक्षक झालो, रात्री बसून दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्रिकोणमिती नावाच्या बाईशी आपला पुन्हा कधी संबंध येणार नाही अशा समाधानात पंचवीस वर्षे काढली. त्या समाधानाला धक्का बसला तो एका टेलिफोनने. त्या टेलिफोनमुळे मला जो इतिहास वाचावा लागला, तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या शाळेत दरवर्षी मुलांचे हस्तलिखित निघते. त्याची प्रत एकच असते. ती मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात जाते आणि पुढच्या वर्षीच्या प्रतीखाली दबून राहते. २०१७ साली माझ्या मनात आले की, हे हस्तलिखित वेबसाइटवर ठेवले तर मुलांच्या आईवडिलांना ते वाचता येईल. आमच्याकडील निम्म्या मुलांचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. स्नेहसंमेलन त्यांच्यावाचून होते, हस्तलिखितही त्यांच्यावाचूनच निघते. मी एक पुस्तक आणले, शाळेच्या संगणकावर बसलो, आणि दोन महिन्यांत पाने तयार केली. प्रत्येक पान सहाशे पिक्सेल रुंद, त्यात तीनशे-तीनशेचे दोन रकाने, डावीकडे एका मुलाचा निबंध, उजवीकडे दुसऱ्याचा. पानाखाली आडवी सरकपट्टी येते ती डोळ्यांना बरी दिसत नाही, म्हणून ‘बाहेर जाईल ते झाकून टाक’ अशी एक ओळही मी नियमांत लिहून ठेवली. फोनला त्याची खरी रुंदी धरायला लावणारी आणखी एक ओळ कुठूनशी उतरवून घेतली. शाळेच्या संगणकावर पान पाहिले. मोठे देखणे दिसत होते.

जानेवारीत शिरोळकडच्या उसाच्या फडातून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. “गुरुजी, समद्यांचं दिसतंय. आमच्या पोरीचं नुसतं पैला पैला शब्द दिसतोय. पुढचं कुठं गेलं?”

मला कळेना. मग एका मुलाच्या भावाचा फोन मागून घेऊन मी ते पान उघडले. फोनची रुंदी तीनशे साठ पिक्सेल. डावा रकाना तीनशेचा, तो सगळा मावला होता. उजव्या रकान्यातले साठ पिक्सेल तेवढे उरले होते. त्या मुलीने आपल्या आजीवर निबंध लिहिला होता, आणि तिच्या बापाला प्रत्येक ओळीचा पहिला शब्द वाचावयास मिळत होता. ‘आजी’, ‘पहाटे’, ‘शेळ्या’, ‘मला’, ‘रात्री’. बाकीचे मीच झाकून टाकले होते.

हा दोष कोणाचा, असे विचाराल तर तो सर्वस्वी माझा. पण या चुकीला मोठी वंशावळ आहे. कागदावर काम करणारा प्रत्येक जण ती चूक बरोबर घेऊनच वेबच्या पानापाशी येतो. कागदाला माप असते. जुळाऱ्याच्या हातात ओळीची रुंदी किती एमची हे ठरूनच येई, आणि पुस्तक सांगलीत उघडले काय किंवा सोलापुरात उघडले काय, ओळ तेथल्या तेथेच तुटे. चित्रकाराचा कागदही तसाच. चौकट आधी, चित्र मागून. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनेव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, तिच्यात मात्र पानाला रुंदीच नव्हती. लिहिणाऱ्याने हे शीर्षक, हा परिच्छेद, एवढे सांगावे. ते केवढ्या अक्षरांत, किती रुंद ओळीत दाखवावयाचे हे वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवावे. शास्त्रज्ञांचे त्यात समाधान होते. पण १९९३-९४ मध्ये वेबवर इतर लोक येऊ लागले आणि त्यांनी पहिली तक्रार केली ती हीच की, आमच्या पानाचे रूप आमच्या हाती नाही.

या तक्रारीला उत्तर देणारा माणूस सर्नमध्येच काम करीत होता. हॉकोन वीउम ली हे त्यांचे नाव, देश नॉर्वे. त्यापूर्वी ते अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये संगणकावरील वर्तमानपत्रांवर काम करून आले होते. १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांनी एक मसुदा प्रसिद्ध केला. पानाचा मजकूर एकीकडे आणि त्याच्या रूपाचे नियम दुसरीकडे, असा तो प्रस्ताव होता. हे रूपाचे नियम म्हणजेच स्टाइलशीट. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. पण ली यांनी तिच्यात एक मौज घातली होती. लेखकाचे एक स्टाइलशीट असेल तसे वाचकाचेही असेल, आणि दोघांचे पटले नाही तर काय, हा प्रश्न त्यांनी टक्केवारीने सोडवावयाचे ठरविले. शीर्षकाचा आकार चोवीस हवा, असे म्हणताना लेखकाने आपला आग्रह किती टक्के हेही लिहावयाचे. शंभर टक्के म्हटले तर तो अखेरचा शब्द. चाळीस टक्के म्हटले तर उरलेल्या साठ टक्क्यांत दुसऱ्याने आपले म्हणणे मांडावे. पान किती दिवसांचे जुने आहे यावरून त्याच्या पार्श्वभूमीचा रंग बदलावा, अशीही एक सूचना त्या मसुद्यात होती.

मला हा मसुदा वाचताना फार नवल वाटले. स्टाइलशीटमध्ये गणित कधी शिरले, याचे उत्तर पुष्कळ जण अलीकडचे साल सांगून देतात. पण ते पहिल्याच मसुद्यात होते, आणि ते चालले होते लेखक आणि वाचक यांच्यात पानावरचा हक्क कसा वाटावा याविषयी.

ते गणित टिकले नाही. ली यांच्याबरोबर लवकरच बर्ट बॉस हे डच गृहस्थ येऊन मिळाले. ग्रोनिंगन येथे ते आर्गो नावाचा ब्राउझर तयार करीत होते आणि त्यांची स्वतःची स्टाइलशीटची योजना होती. दोघांनी मिळून जे घडविले, त्यातून आग्रहाची टक्केवारी गेली. अटींचे प्रश्नोत्तरही गेले. १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सीएसएसची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून मान्य केली, तिच्यात बेरीज नव्हती, वजाबाकी नव्हती. रुंदी अमुक टक्के, अक्षर अमुक एम, एवढी प्रमाणे तेवढी राहिली. हा एम म्हणजे जुळाऱ्याचाच एम, नव्या घरी दत्तक आलेला.

त्या काळी दुसरे पर्याय नव्हते असे नाही. १९९६ सालीच डीएसएसएसएल नावाची एक भाषा आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली होती. ती स्कीम या संगणकभाषेवर आधारलेली, म्हणजे पुरी प्रोग्रामिंगची भाषा होती. पाहिजे तो हिशेब तिच्यात करता येई. नेटस्केप कंपनीनेही त्याच वर्षी आपल्या जावास्क्रिप्टमधून पानाचे रूप ठरविण्याची एक योजना पुढे केली. दोन्ही मागे पडल्या. शक्तीने त्या मोठ्या होत्या, यात शंका नाही. परंतु सीएसएस ही जाणूनबुजून लहान ठेवलेली भाषा होती. जो प्रोग्रामर नाही अशा माणसालाही ती वाचता आणि लिहिता यावी, ही बॉस यांची भूमिका होती आणि ती त्यांनी पुढे बरीच वर्षे सोडली नाही. सीएसएसमध्ये चलराशी आणू नयेत, त्याने अपाय होईल, असे त्यांनी २००८ साली लिहून ठेवले आहे. गणितात काठावर राहिलेला माझ्यासारखा मास्तर एक पुस्तक आणून दोन महिन्यांत पाने करू शकला, याचे श्रेय या हट्टाला आहे. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते बॉस यांच्या विरुद्ध जाणारे असले तरी त्यांच्याविषयीचा माझा आदर कमी होत नाही.

कारण त्या हट्टाची किंमतही लोकांना मोजावी लागली. ती कशी, हे मी स्वतःच्या हाताने अनुभवले. फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन्ही रकाने मोडले, एकाखाली एक घेतले, आणि रुंदीच्या जागी सहाशे पिक्सेल खोडून शंभर टक्के लिहिले. मजकूर काठाला चिकटू नये म्हणून दोन्ही बाजूंस बारा-बारा पिक्सेलचा समास ठेवला. फोनवर पाहतो तो प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर गायब! काल पहिला शब्द तेवढा दिसत होता, आज शेवटचे अक्षर तेवढे दिसत नव्हते.

कारण मागाहून समजले. सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीने रुंदी या शब्दाचा अर्थ ‘आतल्या मजकुराची रुंदी’ असा केला आहे. समास त्याच्या बाहेर मोजावयाचा. तेव्हा शंभर टक्के म्हणजे तीनशे साठ, अधिक बारा, अधिक बारा, मिळून तीनशे चौऱ्याऐंशी. चोवीस पिक्सेल बाहेर लोंबत होते आणि माझी ती झाकून टाकणारी ओळ आपले काम इमानाने करीत होती. घराची लांबी सांगताना भिंती धरावयाच्या की नाहीत, असाच हा वाद. मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर बरीच वर्षे भिंती धरून मोजत असे, आणि मानक म्हणे धरू नका. २००१ सालच्या सहाव्या आवृत्तीत, मानकाप्रमाणे लिहिलेल्या पानांपुरते, त्यांनीही भिंती सोडल्या. पुढे कोणती मोजणी हवी ते सांगण्याची सोय सीएसएसमध्येच आली. तोपर्यंत जगभरच्या पाने करणाऱ्यांनी या चोवीस पिक्सेलांपायी किती रात्री जागविल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

शंभर टक्क्यांतून चोवीस पिक्सेल वजा करा, एवढेच तर सांगावयाचे होते. चौथीच्या मुलाला सांगितले तर त्याला कळेल. पण सांगावयास भाषेत शब्द नव्हता. मग लोकांनी आडवाटा शोधल्या. मायक्रोसॉफ्टने १९९९ साली आपल्या पाचव्या आवृत्तीत स्टाइलशीटच्या ओळीत थेट प्रोग्रामचा तुकडा बसविण्याची सोय केली. उंदीर जरा हलविला तरी तो तुकडा पुन्हापुन्हा चाले आणि पान जड होई. आठव्या आवृत्तीत त्यांनीच ती सोय मानक पद्धतीतून काढून घेतली. त्याच १९९९ साली अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील बॅड्रॉस, बॉर्निंग, मॅरियट आणि स्टकी या चार संशोधकांनी एक निबंध वाचला. ‘हा रकाना त्याच्या दुप्पट असावा’, ‘हा त्यापेक्षा लहान नसावा’ अशी समीकरणे स्टाइलशीटमध्ये लिहावीत आणि ब्राउझरने ती सोडवावीत, असा त्यांचा प्रस्ताव होता. तो प्रबंधांत राहिला.

दुसरी वाट हाताने भागाकार करण्याची. २००० साली जॉन ऑलसॉप यांनी एक लेख लिहून लोकांना बजावले होते की, वेबचे पान कागदासारखे आवळून धरू नका. त्याचे लवचीक असणे हाच त्याचा गुण आहे. तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही. २००७ साली आयफोन आला आणि पान खिशात शिरले, तेव्हा ऐकणे भाग पडले. २००९ साली ईथन मार्कॉट यांनी एक रीत सांगितली: जे माप हवे त्याला भोवतालच्या मापाने भागा. सोळाच्या मजकुरात चोवीसचे शीर्षक हवे, तर चोवीस भागिले सोळा, म्हणजे दीड एम. रकान्यांचेही तसेच. २०१० साली याच विचाराला त्यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिले आणि ते रूढ झाले. त्या वेळच्या स्टाइलशीटमध्ये दशांश चिन्हापुढे सात-सात आकडे दिसतात, ते या भागाकारांचे. गणकयंत्र शेजारी घेऊन बसावयाचे आणि उत्तर उतरून काढावयाचे. रीत पानावर राहात नसे, उत्तर तेवढे राही. मुलाने गणिताच्या वहीत पायऱ्या न दाखविता उत्तर लिहिले की आपण त्याला काय म्हणतो?

तिसरी वाट सॅसची. २००६ साली निघालेल्या या साधनात बेरीज-वजाबाकी करता येई, नावेही ठेवता येत. पण तो हिशेब लेखकाच्या घरी, पान बाहेर पडण्यापूर्वी होई. तेथे शंभर टक्के म्हणजे किती पिक्सेल हे कळण्यास मार्ग नसतो, कारण ते ठरते शिरोळच्या फडात कोणाच्या हाती कोणता फोन आहे यावरून. ज्या वजाबाकीची मला गरज होती ती वाचकाच्या घरीच होऊ शकते.

अखेरीस ती सोय झाली. तिचे नाव कॅल्क. मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या नवव्या आणि फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत ती आली. फायरफॉक्समध्ये प्रथम आपल्या कंपनीचा उपसर्ग लावून, अजून परीक्षा चालू आहे अशा अर्थाने. २०१२ साली क्रोमनेही तसेच केले, आणि २०१३ साल संपेपर्यंत प्रमुख ब्राउझरांत उपसर्ग गळून पडले. म्हणजे माझे पान झाले तेव्हा उपाय चार वर्षांचा जुना होता. मला माहीत नव्हता, एवढेच.

मी लिहिले: रुंदी, कॅल्क, कंसात शंभर टक्के वजा चोवीस पिक्सेल. काही झाले नाही. ती सबंध संध्याकाळ गेली. वजाच्या चिन्हाच्या दोन्ही अंगांस मोकळी जागा सोडावी लागते, नाही तर ते चिन्ह वजाबाकीचे की पुढच्या ऋण संख्येचे हे यंत्राला कळत नाही, आणि ते काही न बोलता सबंध ओळ टाकून देते. हे पुस्तकात होते. मी ओळ गाळून वाचले होते. बाकीचे नियम मात्र शाळेतल्याच पाठासारखे निघाले. लांबीत लांबी मिळवावी, लांबीतून लांबी वजा करावी. लांबीला साध्या संख्येने गुणावे, भागावे. मीटरमध्ये किलोग्रॅम मिळवू नयेत, म्हणून गुरुजींनी माझ्या पाठीत घातलेल्या धपाट्याची त्या संध्याकाळी आठवण झाली.

मोकळी जागा सोडली आणि पान बसले. तीनशे साठाच्या फोनवर मजकूर तीनशे छत्तीस, तीनशे वीसच्या फोनवर दोनशे शहाण्णव. मी कोणताच फोन मोजला नव्हता.

त्यानंतर मला या विषयाचा नाद लागला. कॅल्कच्या मागून मिन, मॅक्स आणि क्लॅम्प ही तीन भावंडे आली. एप्रिल २०२० पर्यंत प्रमुख ब्राउझरांत तिन्ही पोचली. मिन दोहोंतले लहान माप घेते, मॅक्स मोठे. क्लॅम्पला तीन मापे द्यावयाची: यापेक्षा कमी नको, एरवी हे चालेल, यापेक्षा जास्त नको. आणि लेखकाने घोटाळा करून खालची मर्यादा वरच्या मर्यादेहून मोठी लिहिली, तर खालचीच खरी धरावी, असा नियम आहे. यामुळे पडद्याच्या रुंदीप्रमाणे अक्षर हळूहळू वाढविता येते. मीही उत्साहाने हस्तलिखिताची शीर्षके पडद्याच्या रुंदीला बांधली. रुंदीच्या शेकडा अमुक, एवढेच. फोनवर लहान, संगणकावर मोठी. फारच छान.

महिन्याभराने मोठ्या बाईंनी मला बोलावले. त्यांच्या डोळ्यांचे शस्त्रक्रियेचे दिवस होते. त्या कार्यालयातल्या संगणकावर पान मोठे करून वाचू पाहात होत्या. मजकूर मोठा होई. शीर्षके होती तेवढीच राहात. “सर, तुमची ही अक्षरं माझं ऐकत नाहीत,” त्या म्हणाल्या. खरे होते. पडद्याच्या रुंदीला बांधलेले अक्षर वाचकाने पान मोठे केले तरी वाढत नाही, कारण ब्राउझरच्या हिशेबी पडदा तेवढ्याच पटीने अरुंद झालेला असतो. उपाय पुन्हा बेरजेचा. मापाचा एक भाग वाचकाने आपल्या ब्राउझरमध्ये ठरविलेल्या अक्षराचा घ्यावयाचा, एक भाग पडद्याचा, आणि दोहोंची बेरीज क्लॅम्पमध्ये ठेवावयाची. मग पान मोठे केले की निदान पहिला भाग वाढतो. ती बेरीज लिहिताना मला ली यांचा १९९४ सालचा मसुदा आठवला. चाळीस टक्के माझे, साठ टक्के तुमचे. काढून टाकलेली गोष्ट पंचवीस वर्षांनी मागच्या दाराने आत आली होती.

आणि मग ती बाई आली, जिच्यापासून मी पंचवीस वर्षे दूर होतो. मार्च २०२२ मध्ये सफारीत, डिसेंबरमध्ये फायरफॉक्समध्ये आणि मार्च २०२३ मध्ये क्रोममध्ये साइन, कोसाइन आणि त्यांचा परिवार स्टाइलशीटमध्ये दाखल झाला. त्या वर्षी आमच्या दहावीत बाराच मुले होती. मुखपृष्ठावर त्यांची नावे घड्याळाच्या आकड्यांसारखी वर्तुळात मांडावीत असे मनात आले. कागदावर हे काम कर्कटकाने दोन मिनिटांचे. वेबवर प्रत्येक नावाला केंद्रापासून आडवे किती आणि उभे किती सरकवावयाचे ते सांगावे लागते, आणि ते आकडे देतात कोसाइन आणि साइन. पूर्वी ०.५ आणि ०.८६६ असे आकडे कोष्टकातून काढून बारा जागी लिहावे लागत. आता प्रत्येक नावाला त्याचा क्रमांक दिला, त्याला तीस अंशांनी गुणावयास सांगितले, आणि त्रिज्या पडद्याच्या रुंदीवर सोडली, की झाले. तीन ओळींत वर्तुळ. वेबच्या पानावर उभे अंतर खालच्या बाजूला वाढते, म्हणून माझी मुले आपोआप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बसली.

साइन हा शब्द परका समजून मी त्याला भ्यालो होतो, पण तो घरचाच निघाला. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या आर्यभटीयात चोवीस अर्धज्यांची सारणी आहे; कोन पावणेचार-पावणेचार अंशांनी वाढत जातो आणि त्रिज्या ३४३८ कला धरली आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिचा पर्याय जीवा. अरबांनी तो शब्द जीब असा घेतला. स्वर न लिहिण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे पुढच्यांनी तो जैब असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राचा गळा, वस्त्राची घडी. हिंदीत खिशाला जेब म्हणतात तो हाच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा सायनस शब्द योजला, त्याचे साइन झाले. धनुष्याची दोरी वाचनाच्या एका चुकीने खिसा झाली, आणि आज ती खिशातल्या फोनवर माझ्या मुलांची नावे वर्तुळात बसविते आहे.

त्या हिवाळ्यात मी सहल घेऊन मुद्दाम चाळीसगावाजवळच्या पाटणला गेलो. सिद्धान्तशिरोमणीत ज्या काढण्याच्या रीतींवर स्वतंत्र प्रकरण लिहिणारे भास्कराचार्य, त्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी येथे मठ काढला. त्याला १२०७ साली दिलेल्या दानाचा शिलालेख आहे, भाऊ दाजींनी तो उजेडात आणला. लेख बहुतांशी संस्कृत आहे. पण शेवटी, कोणी काय द्यावयाचे हे सांगण्याची वेळ आली तेव्हा, लिहिणारा मराठीत उतरला. ज्यांना वाचावयाचे आहे त्यांना ते वाचता आले पाहिजे, ही काळजी आठशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसालाही होती असे दिसते. मुले डबे उघडून बसली तेव्हा मी त्यांना ज्या-जीब-जैबची गोष्ट सांगितली. गणितात माझ्यासारखीच काठावर असलेली एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे चुकलं तरी चालतं का?” मी उत्तर टाळले.

त्यानंतरही घातांक, वर्गमूळ, जवळच्या पूर्णांकाला आणणे इत्यादी क्रिया स्टाइलशीटमध्ये आल्या. २०२४ च्या मध्यापर्यंत त्या प्रमुख ब्राउझरांत पोचल्या. बॉस यांची भीती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. आजची काही स्टाइलशीटे माझ्या आवाक्याबाहेरची आहेत आणि ती पाहिली की मला पुन्हा दहावीच्या पेपराला बसल्यासारखे होते. पण सहाशे पिक्सेल ही सोपी ओळ लिहिणारा मीच होतो, आणि तिने एका मुलीचा निबंध झाकला होता, हे मी विसरू शकत नाही.

असो. तो बाप २०१८ च्या एप्रिलमध्ये गावी परतला आणि एके दिवशी शाळेत आला. काचेला तडा गेलेला फोन त्याने खिशातून काढला, आजीचा निबंध उघडून माझ्यापुढे धरला. ओळी पुऱ्या दिसत होत्या. दोन्ही बाजूंना बोटभर समास होता.

“गुरुजी, येक इचारू का? माझा फोन तुम्ही कधी बघितलाच न्हाई. मग ह्यो कागद तुम्ही त्याच्या मापाचा कसा काय केला?”

मी म्हणालो, “मी नाही केला. तुमच्या फोनला एक वजाबाकी सांगून ठेवली होती. त्यानं केली.”

तो हसला. मग पोरीला हाक मारून त्याने फोन तिच्या हाती दिला आणि म्हणाला, “वाच. समदं वाच.”